इन्कोरोनाताची परात

इटलीच्या डोंगरांतल्या आमच्या कोल्लेमूतो गावात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. जेवण बाहेरून येतं. शेजारी येतात, नातेवाईक येतात, कित्येक वर्षं ज्यांच्याशी बोलणं नाही तेही येतात. झाकलेलं भांडं टेबलावर ठेवतात, "दोन घास खाऊन घे" म्हणतात आणि तुम्ही खाता की नाही ते बघत समोर बसून राहतात. माझी बायको इन्कोरोनाता जानेवारीत गेली तेव्हा आसपासच्या सगळ्या डोंगरांवरून जेवण आलं. ती सगळ्यांना ओळखायची. मी एकटा माणूस. त्या दिवसांत मला जेवढं खावं लागलं तेवढं मी लष्करात असतानाही खाल्लं नव्हतं, आणि त्यातल्या एकाही पदार्थाची चव मला आठवत नाही.

जेवण संपलं. भांडी राहिली.

ती ओट्यावर राहिली, खिडकीत राहिली, काही पलंगाखाली गेली. मला त्यांचा त्रास नव्हता. उलट घरात कोणीतरी नुकतंच येऊन गेल्यासारखं वाटायचं. पण आमच्या भिंतीला भिंत लागून झिया एर्मेलिंदा राहतात. त्या माझ्या कोणी लागत नाहीत, पण अख्ख्या गल्लीची मावशी म्हणून त्यांना सगळेच झिया म्हणतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सकाळी दारात खुर्ची टाकून बसतात ती दिवे लागेपर्यंत उठत नाहीत, आणि दिसत नसलं तरी त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"निकान्द्रो, जून आला," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"हो झिया. उकडायला लागलं."

"मी उकाड्याचं नाही बोलत, भांड्यांचं बोलते. लोक म्हणतात, निकान्द्रोने बायको पुरली आणि भांड्यांचं दुकान काढलं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आता बाकीचेही म्हणतील."

भांडी परत करायची असतात हे मला माहीत होतं, मी काही अगदीच रानटी नाही. पण ती कोण परत करतं, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. आमच्या घरातून भांडी जायची आणि यायची, जशी वसंतात पाकोळ्या यायच्या आणि जायच्या. मी काही त्यांचं वेळापत्रक ठेवत नव्हतो. मला वेळापत्रक एकच ठाऊक, बसचं. मी हयातभर या डोंगरांतून बस चालवली. रोक्कानेरा, सान जुस्तो, तोर्रेविसा, प्रत्येक गावाचं प्रत्येक वळण मला झोपेत सांगता येईल. पण गावात म्हणाल तर मी चौकाच्या पुढे कधी गेलो नाही. बस वळवायची, कॉफी प्यायची, निघायचं.

"पण झिया, कुठलं भांडं कोणाचं ते कसं कळायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने असं तोंड केलं, की मला तिथल्या तिथे लहान झाल्यासारखं वाटलं. "उलटं कर."

मी एक पातेलं उलटं केलं. बुडावर लाल ठिपका होता. दुसऱ्यावर दोन ठिपके. तिसऱ्यावर रेघ. नखांना लावायच्या रंगाचे ठिपके. आमच्याकडच्या बायका नखं रंगवत नाहीत, पण भांड्यांची बुडं रंगवतात, म्हणजे ती परत येतात. आणि गावातल्या एकमेव दुकानात एकच रंग मिळत असल्यामुळे सगळ्या डोंगरांवरची सगळी बुडं एकाच लाल रंगाची आहेत.

इथे मला एक गोष्ट उलगडली. आमच्या कपाटात लाल रंगाची एक बाटली वर्षानुवर्षं होती. मला वाटायचं, इन्कोरोनाताने हौसेने आणली असेल आणि मग लाजली असेल. एकदा मी मोठ्या मनाने तिला म्हणालोही होतो, "लाव की, मी काही हसणार नाही." तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं हं." एवढंच. त्या 'बरं हं'चा अर्थ कळायला मला विधुर व्हावं लागलं.

झियांनी खुर्चीत बसल्या बसल्या निवाडा सुरू केला. मी एकेक भांडं त्यांच्या मांडीवर ठेवायचं, त्यांनी बुडावरून अंगठा फिरवायचा. "एक ठिपका, गेरार्दोची बहीण. दोन ठिपके, पाद्रीबाबांची स्वयंपाकीण, आणि हे तिने मुद्दाम फुटकं दिलंय. हा कोरलेला क्रूस म्हणजे रोक्कानेराची वितालिना. ही पण क्रूसवाली, ही पण तिचीच." वितालिना म्हणजे इन्कोरोनाताची मावसबहीण. क्रूसवाली दोन भांडी होती, एक वाडगा आणि एक तळाशी काळी पडलेली परात. मी ती वेगळी काढली.

"आता यात घालणार काय?" झिया म्हणाल्या.

"यात? हे तर परत द्यायचंय."

"रिकामं?" त्या खरोखर घाबरल्या. "दुखवट्याचं भांडं रिकामं परत नेणार? म्हणजे काय सांगणार त्यांना, आमच्याकडे आता काहीच उरलं नाही?"

मला वाटलं, खरं तेच सांगायचं तर तसं सांगायला काय हरकत आहे. पण दुकानात जाऊन बिस्किटांचे पुडे घेऊन आलो. झियांनी पुड्याचा कागद चुरचुरताना ऐकला मात्र, त्यांनी हात छातीवर ठेवला. "दुकानातली बिस्किटं. इन्कोरोनाताच्या घरातून." त्या एवढ्या हळू बोलल्या की गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

न्हाव्याने सल्ला दिला, सॉसेज घाल. पाद्रीबाबा म्हणाले, मेणबत्ती घाल, पण ती आमच्याच चर्चमधली असावी. तुरीनहून मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, सगळी भांडी टाकून द्या, मी सगळ्यांना नवीन पाठवते." तिकडे गेल्यापासून तिला सगळं नवीन मिळतं. शेवटी गेरार्दो कामी आला. गेरार्दो माझा कोंपा, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारायचं कधीच सोडलंय. तो म्हणाला, "कोंपा, माझ्या गच्चीत मागच्या हंगामाचे अक्रोड पडलेत. घे लागतील तेवढे." मी भांडी भरली. वितालिना जवळची, म्हणून तिची परात काठोकाठ.

आता जायचं कसं. ज्या माणसाने हयातभर बस चालवली त्याचं लायसन्स वसंतातच संपलं होतं. माझ्या वयाला डोळे तपासून घ्यावे लागतात. तपासणारा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी बसतो. तिथे जाणारी सकाळची बस बंद झाली, आणि ती मीच चालवायचो. चालवायला माणूस नाही म्हणून बंद झाली. दुपारची बस पोचते तोवर डॉक्टर उठून जेवायला जातो. मी कार्यालयात फोन केला. बाई फार सभ्य होत्या. म्हणाल्या, "मग तुमच्या गाडीने या ना." मी म्हटलं, "लायसन्स नाही." त्या म्हणाल्या, "त्यासाठीच तर यायचंय." एवढ्या गोड आवाजात बोलल्या की मी आभार मानून फोन ठेवला.

म्हणून गेरार्दोचा तीनचाकी टेम्पो. त्याची केबिन एका माणसासाठी केलेली आहे. गेरार्दो आणि मी मिळून अडीच होतो. माझा एक खांदा खिडकीबाहेर आणि वळण आलं की गेरार्दोचं कोपर माझ्या फासळ्यांत. मागे भांडी अशी वाजत होती की रोक्कानेराच्या चढाला लोक मिरवणूक आली म्हणून दारात आले. त्यांतल्या काहींनी मला ओळखलं. "अहो, हे तर बसवाले. आता यावर आलात का?" मी मान हलवली. मान हलवायलाच तेवढी जागा होती.

वितालिनाने दार उघडलं, परात पाहिली, आणि ती रडायला लागली. मी गोंधळलो. अक्रोड चांगले होते, पण रडण्याइतके चांगले नव्हते. ती परात छातीशी धरून म्हणाली, "निकान्द्रो, तू स्वतः आणलीस. तुझ्या हातांनी." मी म्हटलं, "आणायलाच हवी होती." हे ऐकून ती आणखी रडली. मला वाटलं, आमची रीत किती खोल आहे बघा, एक भांडं परत केलं की माणसं अशी हेलावतात. मग तिने आम्हाला बसवून जेवू घातलं, आणि निघताना तिचं एक पातेलं भरून चीज दिलं, कारण आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं.

इथेच मला धोका दिसायला हवा होता. प्रत्येक घरी तेच झालं. मी एक भांडं द्यायचो, ते मला दुसरं भरून द्यायचे, आणि मी त्यांच्या जुन्या ऋणातून सुटायच्या आत नव्यात पडायचो. संध्याकाळी टेम्पो परतला तेव्हा मागे निघताना होती त्याहून जास्त भांडी होती. झियांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. "वाढली," त्या म्हणाल्या.

पण खरी गोष्ट पुढच्या रविवारी कळली.

इन्कोरोनाता रविवारी मेंढीचं मटण आणि बटाटे करायची. वर पावाचा चुरा, तेल, थोडं चीज, आणि सगळं भट्टीत. माझी फेरी दुपारी संपायची. बस चौकात उभी करून चढण चढायला लागलो की पाण्याच्या टाकीपाशीच वास यायचा, आणि मी दमलेलो असलो तरी तिथून पुढे पाय आपोआप चालायचे. ती गेल्यावर रविवारी मी त्या टाकीच्या बाजूने जायचंच सोडलं होतं. पण त्या दिवशी भांडी परत करून मला जरा हुशारी वाटत होती. म्हटलं, बटाटे तर आपल्यालाही चिरता येतात. मी बटाटे चिरले. मग परात शोधायला लागलो. तिची तांब्याची परात, दोन कानांची, आईकडून आलेली, एका बाजूला पोच आलेली.

ती पोच मला चांगली आठवते. लग्न होऊन आम्ही या घरात आलो त्या दिवशी सामान वर चढवताना ती परात तिच्या हातातून सुटली आणि गल्लीच्या पायऱ्यांवरून वाजत वाजत थेट चौकापर्यंत गेली. लोक बारमधून बाहेर आले. इन्कोरोनाता लाजेने लाल झाली, आणि मग एकदम इतकी हसायला लागली की पायरीवरच बसली. गावाने तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं. मीही, खरं सांगायचं तर, तिला हसताना पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. त्या काळी लग्नाआधी एवढं हसायला मिळत नसे.

कपाटात परात नव्हती. ओट्याखाली नव्हती. मी पलंगाखाली दिवा घेऊन पाहिलं. आणि मग पलंगाखालीच, पालथा पडलेला असताना, मला कळलं. तळाशी काळी पडलेली ती क्रूसवाली परात. मी स्वतःच तिच्यात अक्रोड भरले होते. ती मला ओळखू आली नाही, पोचेकडेही लक्ष गेलं नाही, कारण त्या पायऱ्यांनंतर मी ती नेहमी भरलेलीच पाहिली होती. जन्मभर माझ्यासमोर ती टेबलावर यायची आणि रिकामी होऊन जायची, मग तिचं काय होतं हे मी बघायला कशाला जाऊ.

"क्रूस तर वितालिनाचा," झिया म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इन्कोरोनाताच्या आईचाही तोच असणार. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी."

"असणार. मी म्हातारी झाले, निकान्द्रो." हे त्यांनी आजवर कोणापुढे कबूल केलं नव्हतं. मला त्यांना रागावताही येईना.

दुपारपर्यंत बारमध्ये सगळ्यांना कळलं होतं. कोणी म्हणालं, वितालिनाच्या आईला त्या परातीवर पहिल्यापासूनच डोळा होता. कोणी म्हणालं, पोलिसांत जा. मी काही पोलिसांत जाणारा माणूस नाही, पण एवढ्या लोकांनी सांगितल्यावर न जाणं बरं दिसेना. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. "वस्तू कोणी नेली?"

"मी दिली."

"जबरदस्ती झाली?"

"नाही. अक्रोड घालून दिली."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, यात गुन्हेगार कोण लिहू? तुम्ही सोडून दुसरं कोणी दिसत नाही." मग दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "मटण-बटाट्याचीच ना ती? नाताळात इथे एकदा पाठवली होती त्यांनी." मी हो म्हटलं. मला हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत तीनचाकी, परत रोक्कानेरा. रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून वितालिनाचं चीजचं पातेलं गेरार्दोच्या चेरींनी भरून. गेरार्दो वाटभर कुरकुरत होता. "कोंपा, तुझ्या बायकोपायी माझी बाग संपत आली."

वितालिनाला सांगणं कठीण होतं. मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिच्या वासरांच्या तब्येतीवर आलो. शेवटी गेरार्दोच म्हणाला, "ती परात चुकून आली, वितालिना. हा गाढव आहे."

वितालिनाने चेरींचं पातेलं खाली ठेवलं. "मला वाटलं, आठवण म्हणून दिलीस. मी म्हटलं, निकान्द्रोला कसं सुचलं. रडले मी."

"पाहिलं मी. मला वाटलं, अक्रोडांमुळे."

ती हसली. हसताना ती थोडी इन्कोरोनातासारखी दिसते. मी खिडकीबाहेर बघितलं. "पण ती आता माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "सान जुस्तोला पाठवली. माझ्या भाचीला बाळ झालं ना. सुखाने नांदलेल्या बाईच्या भांड्यातून पहिलं जेवण गेलं की त्या घराला बरं असतं."

रागवायला आलो होतो असं नाही, पण असतो तरी राग तिथेच संपला असता. मी फक्त ते वाक्य गेरार्दोच्या कानावर नीट पडलं ना, ते पाहून घेतलं. मग आम्हाला जेवावं लागलं.

सान जुस्तोला परात नव्हती, बाळ होतं. ते माझ्या हातात देण्यात आलं. बाळंतिणीची सासू, कोन्चेत्तिना नावाची मोठ्या आवाजाची बाई, मला ओळखून म्हणाली, "तुम्ही इन्कोरोनाताचे ते बसवाले. बुधवारी यायची ना ती तुमच्याच गाडीने. माझा दीर गेला तेव्हा आली होती, सासूचा पाय मोडला तेव्हा आली होती."

बुधवारी इन्कोरोनाता माझ्या बसमध्ये असायची, हे खरं आहे. मागच्या सीटवर बसायची, मांडीवर कापडाने झाकलेलं काहीतरी धरून. मला वाटायचं, हिला गाडीतून फिरायला आवडतं. वळणावर मी जरा हळू घ्यायचो, तिला बाहेरचं नीट दिसावं म्हणून. ती बाहेर बघतच नव्हती. भांडं सांडू नये म्हणून सांभाळत होती. म्हणजे मी हळू घ्यायचो त्याचा उपयोग झाला, फक्त मला वाटला तो नाही.

"आणि परात?" गेरार्दोने विचारलं. बाळ आता माझ्या खिशातल्या चष्म्यापर्यंत पोचलं होतं.

"ती तोर्रेविसाला गेली. आंतिमोची बायको गेली, आद्दोलोराता. त्याला आगापीछा नाही. म्हटलं, मोठं भांडं न्यावं. मीच मॅकरोनी घालून ठेवून आले. जेवून जा."

"आमचं जेवण झालंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"रोक्कानेराला."

"रोक्कानेराला काय जेवण म्हणतात," ती म्हणाली आणि ताटं मांडली.

तोर्रेविसाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्या बसचा हा शेवटचा थांबा. चौकातलं कारंजं तसंच होतं, बाकं तशीच, आणि बाकांवरची माणसं मात्र बरीच कमी झालेली. टीव्हीवरचे लोक गमतीने म्हणतात की आमचा मोलिझे नावाचा प्रांत मुळात नाहीच. त्यांना इथे संध्याकाळी आणून बसवलं तर त्यांचं म्हणणं खरं आहे असंच त्यांना वाटेल. कारंज्याच्या पुढे मी पहिल्यांदाच गेलो. गल्ली अरुंद होती, टेम्पो आत शिरेना, गेरार्दो म्हणाला, "तू हो पुढे, मला जरा पोट धरून बसू दे."

आंतिमोला मी ओळखत होतो. बाजाराच्या दिवशी तो माझ्या मागच्याच सीटवर बसायचा आणि सगळ्या प्रवासात एकच शब्द बोलायचा, 'सावकाश.' प्रत्येक वळणावर. मला त्याचा भयंकर राग यायचा.

दार उघडंच होतं. तो टेबलाशी बसला होता, अंगात कोट, जणू कुठे निघायचं होतं आणि राहून गेलं. टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर भांडीच भांडी, सगळी झाकलेली. आणि मधोमध इन्कोरोनाताची परात. कोणीतरी ती घासून लखलखीत केली होती. पोच माझ्याच बाजूला होती. मला हात लावावासा वाटला, पण परात मॅकरोनीने भरलेली होती. चमचासुद्धा लागला नव्हता.

"बसवाले," तो म्हणाला.

"हो. कळलं मला. वाईट झालं."

"बसा." मग भांड्यांकडे हात करून, "कुठलं कोणाचं आहे काही कळत नाही. हे सगळं तिला ठाऊक असायचं."

"उलटी करून बघायची असतात," मी म्हटलं. "खाली खूण असते."

"अस्सं?" त्याने एक झाकण उचललं, परत ठेवलं. "भरलेली आहेत. उलटी कशी करू?"

मी म्हणू शकलो असतो की मधली माझी आहे. एवढ्यासाठीच मी टेम्पोत दिवसभर हाडं मोडून घेतली होती. ओठांवर आलंही होतं. आणि मी म्हटलंच. "ही मधली माझ्या बायकोची आहे."

"मग घेऊन जा."

"भरलेली कशी नेऊ? ती तुझ्यासाठी आली आहे. रिकामी झाल्याशिवाय हलवता येत नाही."

"मला भूक नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि हे मी त्या दिवसात बोललेलं सगळ्यात खरं वाक्य होतं. मी दोन काटे शोधले. एक त्याच्या हातात दिला. पहिला घास मीच घेतला, कारण कोणीतरी घ्यायला हवा होता. पोटात दोन गावांचं जेवण होतं. घास गिळताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आंतिमो माझ्याकडे बघत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने हळूहळू कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि काटा परातीत घातला.

आम्ही खाल्लं. मी एकदा घाईने मोठा घास घेतला तेव्हा तो म्हणाला, "सावकाश." या वेळी मला राग आला नाही. गेरार्दो मला शोधत आला, दारातून आमच्याकडे पाहिलं, हताशपणे टोपी काढली आणि तिसरा काटा मागितला.

परात रिकामी झाली. आंतिमोने ती स्वतः धुतली आणि पुसली. मग तो ती हातात धरून घरभर फिरायला लागला. कपाटं उघडली, डबे उघडले. आतल्या खोलीत गेला. मला कळलं, तो काय शोधतोय. रिकामी देता येत नव्हती. लोकांनी आणलेलं लोकांना द्यायचं नसतं, आणि स्वतःचं असं घरात काही नव्हतं. शेवटी त्याने खिडकीतून सुकवलेल्या टोमॅटोंची बरणी आणली. अर्धी होती. "हे तिने गेल्या उन्हाळ्यात केलेले," तो म्हणाला आणि बरणीचं झाकण उघडायला लागला.

"नको," मी म्हटलं. "ते राहू दे."

"मग रिकामी कशी देऊ?"

"देऊ नकोस. ठेव. तू काहीतरी शिजवशील तेव्हा भरून दे."

"मला काही येत नाही शिजवायला."

"बटाटे चिरता येतात?"

"ते येतात."

"मग झालं," मी म्हटलं.

घाट उतरताना गेरार्दोने मला सुनावलं. तीन गावं, दोन दिवस, त्याच्या चेरी, त्याचे अक्रोड, त्याची पाठ, आणि हातात आलेली परात तिथे ठेवून आलास. "कोंपा, इन्कोरोनाता असती तर काय म्हणाली असती?"

मी विचार केला. "बरं हं, म्हणाली असती."

तेव्हापासून आम्ही रविवारी तोर्रेविसाला जातो. आंतिमो मटण-बटाटे करतो. मला ते कसे करायचे हे माहीत नव्हतं, फक्त कसे लागायचे ते माहीत होतं, म्हणून तो करतो आणि मी सांगतो की तसे झाले नाहीत. पहिल्यांदा बटाटे कच्चे होते. मग चुरा जळला. एकदा त्याने चीज विसरून लिंबू पिळलं, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. दर वेळी तो परात पुढे करून विचारतो, आता नेतोस का, आणि मी म्हणतो, अजून नाही, राहू दे तुझ्याकडे. झिया एर्मेलिंदा विचारतात, एवढं काय अवघड असतं रे ते मटण. गेरार्दो म्हणतो, फुकट जेवण मिळतंय, काय तक्रार आहे.

गेल्या रविवारी कारंज्यापाशीच वास आला. गेरार्दो बोलत होता, तो बोलायचा थांबला. माझे पाय गल्लीत वळले ते माझ्याही आधी. आंतिमोने परात टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसला. आता दुसरी भांडी घरात उरली नव्हती, त्याने ती सगळी परत केली होती, भरून. मी घास घेतला. चुरा खमंग होता, मटण हाडावरून सुटलं होतं, बटाट्यांनी सगळा रस पिऊन घेतला होता. मी आणखी एक घास घेतला, मग आणखी एक.

"कसं झालंय?" आंतिमोने विचारलं.

गेरार्दो माझ्याकडे बघत होता. मी काटा खाली ठेवला, तोंड पुसलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

आंतिमोने परातीतला एक बटाटा उचलला, सावकाश चावला, गिळला.

"हो," तो म्हणाला. "जरा कमीच आहे. पुढच्या रविवारी बघू."